‘अंतिम निर्णय माणसाचाच’ या आश्वासनात कितपत तथ्य आहे?

(एक चर्चा. ‘चौकस’, ‘तळटीप’, ‘मध्यमार्गी’ आणि ‘निदान’ ही त्यात लिहिणाऱ्यांची टोपणनावे.)

चौकस

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भवितव्यावर चर्चा सुरू झाली की एक बाजू मानवजातीच्या अंताची भाषा बोलते आणि दुसरी सुवर्णयुगाची. मला त्या दोन्हींपेक्षा एक साधी बाब अधिक छळते. ‘यंत्र केवळ सल्ला देईल, अंतिम निर्णय माणसाचाच राहील’ हे वाक्य हल्ली जवळपास प्रत्येक धोरणपत्रात आढळते. ते व्यवहारात कितपत खरे उतरते?

मी एका वित्तसंस्थेत कर्जाच्या अर्जांची छाननी करतो. पूर्वी अर्ज वाचून आपल्या शब्दांत टिपण लिहावे लागत असे. आता अर्ज उघडण्याआधीच पडद्यावर यंत्राने काढलेला एक आकडा आणि त्याखाली हिरवी, पिवळी किंवा लाल पट्टी दिसते. नियमानुसार निर्णय माझा आणि सहीही माझीच. मात्र लाल पट्टी डावलून अर्ज मंजूर करायचा असेल तर कारणांचा एक लांबलचक रकाना भरावा लागतो. पट्टीशी सहमत असलो तर एक कळ दाबली की काम झाले. दिवसभरात ठरावीक अर्ज हातावेगळे करण्याचे बंधन असताना तो रकाना भरायला कोण बसणार? उद्या एखाद्यावर अन्याय झाला तर तो यंत्राने केला असे म्हणायचे, की माझ्या सहीने?

तळटीप

आपण वर्णन केलेली स्थिती युरोपात न्यायालयापर्यंत पोहोचलेली आहे. युरोपीय संघाच्या विदासंरक्षण नियमावलीच्या (विदा म्हणजे डेटा; ही नियमावली मे २०१८ पासून लागू आहे) २२ व्या कलमाने, व्यक्तीवर गंभीर परिणाम करणारा निर्णय, काही अपवाद वगळता, निव्वळ स्वयंचलित प्रक्रियेने घेण्यास मनाई केली आहे. ‘निव्वळ’ या शब्दामुळे पळवाट आयतीच मिळाली: शेवटी एक माणूस बसवला, त्याची सही घेतली, की प्रक्रिया निव्वळ स्वयंचलित उरत नाही. जर्मनीतील शूफा या पतमापन कंपनीच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ही पळवाट बरीच अरुंद केली. कर्ज देणारी संस्था पतगुणांकावर (कर्ज फेडले जाण्याची शक्यता दाखवणाऱ्या आकड्यावर) प्रामुख्याने विसंबून निर्णय घेत असेल, तर तो गुणांक काढणे हाच स्वयंचलित निर्णय ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे सही कोणाची आहे यापेक्षा निर्णय प्रत्यक्षात कोठे घडला, हे पाहायचे.

याहून बोलके उदाहरण नेदरलँड्सचे आहे. तेथील करविभाग बालसंगोपन अनुदानाच्या अर्जांतून संशयित अर्ज निवडण्यासाठी जोखीम मोजणारी प्रणाली वापरत होता आणि अर्जदाराचे नागरिकत्व हाही तिच्या निकषांपैकी एक होता. निवडलेले अर्ज कर्मचारी तपासत, परंतु प्रणालीने अमुक अर्जाला जास्त जोखमीचा का ठरवले, हे त्यांना कळत नसे. या अनुदानाच्या वसुलीत हजारो कुटुंबांवर गैरव्यवहाराचा ठपका आला, मोठमोठ्या रकमा परत मागितल्या गेल्या, आणि जानेवारी २०२१ मध्ये संपूर्ण मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. दोष एकट्या प्रणालीचा नव्हता. कायदाही निष्ठुर होता आणि प्रशासनही. पण तपासणाऱ्या माणसाला तपासण्याजोगे काही दिलेच नाही, तर त्याची उपस्थिती हा निव्वळ देखावा ठरतो.

मध्यमार्गी

वरील दोन्ही लेखनांत एक गृहीतक डोकावते, की यंत्र येण्यापूर्वी माणसे न्याय्य निर्णय घेत होती. आडनाव, वस्ती, बोलण्याची ढब पाहून अर्ज बाजूला सारणारे अधिकारी सर्वत्र होते आणि आजही आहेत. त्यांच्या पूर्वग्रहाची मोजदाद कशी करणार? एकच अर्ज केवळ नाव बदलून एकाच अधिकाऱ्यासमोर हजार वेळा ठेवता येत नाही. प्रणालीसमोर ठेवता येतो.

जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या, बाजारात उपलब्ध असलेल्या तीन प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत, तर गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते जवळजवळ ३५ टक्क्यांपर्यंत गेलेले आढळले. निष्कर्ष लाजिरवाणा होता, पण तो आकड्यांत मांडता आला म्हणूनच संबंधित कंपन्यांना त्याची दखल घ्यावी लागली. त्यामुळे माझा आग्रह माणूस मध्ये बसवण्यापेक्षा, बाहेरच्या लोकांना प्रणाली तपासू देण्यावर अधिक आहे. कंपन्या व्यापारी गुपिताची ढाल पुढे करतात आणि शासने ती निमूटपणे मान्य करतात, ही माझ्या मते खरी अडचण आहे.

निदान

मी वैद्यकीय क्षेत्रातील आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये, क्ष-किरणतज्ज्ञ घडवणे आता थांबवावे, पाचएक वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल, असे विधान केले होते. (त्याच हिंटन यांना पुढे २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) तज्ज्ञांची गरज काही संपली नाही. मात्र नोकऱ्या राहतात की जातात या वादात एक सूक्ष्म नुकसान नजरेआड होते, ते म्हणजे कौशल्य झिजण्याचे.

पोलंडमधील काही केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जाऊ लागली. त्यानंतर त्याच अनुभवी डॉक्टरांनी यंत्राविना केलेल्या तपासण्या पाहिल्या, तेव्हा कर्करोगात रूपांतर होऊ शकणाऱ्या गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यामुळे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे कोणी समजू नये; पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. पडद्यावर संशयास्पद जागेभोवती यंत्राचा चौकोन उमटण्याची सवय लागली की चौकोन नसलेल्या जागी नजर रेंगाळत नाही. यंत्राची चूक पकडण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपवली, त्याची चूक पकडण्याची क्षमताच यंत्रामुळे उणावत असेल, तर ‘मानवी देखरेख’ किती वर्षे टिकेल? अनुभवी लोकांची ही गत, तर पहिल्या दिवसापासून चौकोन पाहत शिकलेल्या पिढीचे काय होईल?

यावर मला थोडे आश्वासक वाटलेले उदाहरण स्वीडनचे. तेथे स्तनकर्करोगाच्या चाचणीत ८०,००० हून अधिक स्त्रियांच्या प्रतिमांवर प्रयोग झाला. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक प्रतिमा दोन तज्ज्ञ पाहतात. प्रयोगात यंत्राने कमी जोखमीच्या ठरवलेल्या प्रतिमा एका तज्ज्ञाने आणि जास्त जोखमीच्या दोघांनी पाहिल्या. वाचनाचे काम सुमारे ४४ टक्क्यांनी घटले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घसरले नाही. तेथे वाचलेला वेळ अवघड प्रतिमांकडे वळवता आला. चौकस, आपल्या कचेरीत तो अधिक अर्ज उरकण्याकडे वळवलेला दिसतो.

चौकस

सर्वांचे आभार. मध्यमार्गी यांचा आक्षेप मला मान्य आहे. जुन्या टिपणांतही पूर्वग्रह असत, फक्त ते सभ्य भाषेत लिहिलेले असत. आता नेमकेपणाने विचारतो: आमच्यासारख्या ठिकाणी, प्रणाली काढून न टाकता, काय बदलता येईल? वरिष्ठांपुढे मांडता येईल असे काही सुचवावे.

तळटीप

मला दोन गोष्टी सुचतात. पहिली, क्रम बदलावा: अधिकाऱ्याने अर्ज वाचून आपले मत नोंदवल्यावरच आकडा दिसावा, आणि मतभेद असेल तेव्हाच दोन्ही बाजूंनी कारणे मागावीत. यात वेळ जाईल आणि वरिष्ठांना ते रुचणार नाही, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मंजूर केलेले कर्ज बुडाले तर ती चूक नोंदवली जाते आणि प्रणाली त्यातून शिकते. ज्याचा अर्ज फेटाळला, तो कर्ज वेळेवर फेडणारा होता की नव्हता, हे कधीच कळत नाही. अन्याय झाला असेल तर तो विदेत उमटतच नाही. परिणामी चुकीच्या नकारांबाबत प्रणाली वर्षानुवर्षे निर्दोष दिसत राहते. यासाठी लाल पट्टीच्या काठावरील अर्जांपैकी काही थोडे, चिठ्ठी काढून, जाणूनबुजून मंजूर करावेत आणि त्यांची परतफेड स्वतंत्रपणे नोंदवावी. त्यातले काही पैसे बुडतील, तेव्हा त्या तोट्याची तरतूद आधीच वेगळी काढून ठेवावी आणि असे अर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मूल्यमापनात तो धरू नये, ही अट प्रस्तावात लेखी घालून घ्या.