बजीच्या कानात तेल नको

कानाजवळची पिसं ओली, चिकट दिसतात म्हणून बजीच्या (बजरिगार, छोटा पाळीव पोपट) कानात कोमट तेल घालायचा सल्ला या चर्चेत वर कुणी दिलाय. कृपया घालू नका! पक्ष्यांना आपल्यासारखा बाहेरचा कान नसतो; डोळ्याच्या मागे, जरा खाली, पिसांआड नुसतं भोक असतं. तेलाने पिसं आणखी चिकटतात. डॉक्टर तिथला स्राव घेऊन जंतू की बुरशी ते तपासतात, मगच औषध.

चोचीच्या मुळाशी मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार, पांढरट खपली असेल तर मात्र बहुधा माइट (त्वचेत राहणारा अगदी बारीक परजीवी). खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की कळतं. माझ्या बजीला डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाचा थेंब मानेच्या त्वचेवर लावला, दोन आठवड्यांनी पुन्हा. मात्रा वजनावर ठरते, आणि हा जीव जेमतेम ३०-४० ग्रॅमचा! कुत्र्याचं औषध अंदाजाने देऊ नका.