मदत हवी आहे: हार्डवूड फ्लोअरिंग, सॉलिड ओक की इंजिनिअर्ड?

जुईली
नमस्कार मंडळी. सगळ्या घरातलं कार्पेट काढून हार्डवूड करायचंय. कॉन्ट्रॅक्टरला शुक्रवारपर्यंत कळवलं नाही तर त्याची तारीख जाते. दोन कोटेशनं हातात आहेत. एक पाऊण इंच जाडीचं सॉलिड रेड ओक, दुसरं पाच इंच रुंद पट्ट्यांचं इंजिनिअर्ड (थर चिकटवून केलेलं) व्हाइट ओक. दुसरं महाग आहे. नवऱ्याचं म्हणणं, सॉलिड तेच खरं लाकूड, बाकी सगळं प्लायवूड. ज्यांनी स्वतःच्या घरात केलंय त्यांनी प्लीज स्पष्ट सांगा, कुठलं घेऊ?

सह्यकडा
घर कुठे आहे? कुठला मजला? कार्पेटखाली प्लायवूड आहे की काँक्रीट? एवढं कळल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी ऐकू नका.

ओसरी
सागवान! आमच्या राजापूरच्या घराची माडी आजोबांच्या वेळची, सागाच्या फळ्यांची. कोकणातला पाऊस खाऊन एक फळी वाकलेली नाही. वाळवी सागाच्या वाटेला सहसा जात नाही. सागाइतकं टणक लाकूड नाही.

तांबडीमाती
ओसरी, साग स्थिर आणि तेलकट म्हणून टिकतो. टणकपणात तो ओकच्या खालीच येतो. जांका टेस्टमध्ये (आकडा जास्त तितकं लाकूड टणक) रेड ओक १२९०, व्हाइट ओक १३६०, आणि हिकरी हे इथलं अमेरिकन लाकूड १८२०. जुईली, तुम्ही हिकरी घ्या. आमच्याकडे मुलं दिवसभर खेळण्यातल्या गाड्या आपटतात, पण खड्डा नाही.

मोरपीस
लाकडाच्या भानगडीत पडूच नका. व्हिनाइल प्लँक, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या टाका. पाणी सांडलं, पुसलं, संपलं.

जुईली
सॉरी, न्यू जर्सी. १९६२ सालचं स्प्लिट लेव्हल (अर्ध्या-अर्ध्या जिन्याने जोडलेल्या मजल्यांचं) घर आहे. खालची फॅमिली रूम आणि वरच्या बेडरूम्स, सगळीकडे एकसारखंच हवंय. कार्पेटखाली काय आहे ते माहीत नाही, कॉन्ट्रॅक्टर बघेल ना? साग इथे परवडणार नाही. व्हिनाइल नको, पायाला कळतं. आणि हो, लॅब्रॅडॉर आहे.

सह्यकडा
स्प्लिट लेव्हल हे आधी सांगायचं होतं, त्यावरच सगळं ठरतं. अशा घरांत खालची खोली बहुधा थेट काँक्रीट स्लॅबवर असते, शिवाय अर्धी जमिनीखाली. तिथे सॉलिड विसरा. स्लॅबमधून ओल वर येत राहते, पट्ट्या खालून फुगतात आणि कडा वर उचलून मधे पन्हळ पडते. इंजिनिअर्डमध्ये आडवे-उभे थर चिकटवलेले असल्यामुळे लाकूड कमी हलतं. पण तिथेही आधी स्लॅबची मॉइश्चर टेस्ट करून घ्या.

नवऱ्याला सांगा, इंजिनिअर्डचा वरचा थर खऱ्या ओकचाच असतो. फक्त तो किती मिलिमीटर आहे ते कोटेशनवर लिहून मागा. चार असेल तर पुढे सँडिंग (घासून पुन्हा नवं करणं) करता येतं, एकच असेल तर नाही. भावातला फरक बराचसा तिथेच असतो.

तांबडीमाती
वरच्या मजल्यावर तरी हिकरीच. कुत्र्याच्या नखांपुढे रेड ओक टिकणार नाही.

सह्यकडा
नखांचे ओरखडे पॉलिशवर उठतात, लाकूड कितीही टणक असो. त्यासाठी मॅट फिनिश घ्या, ओरखडे कमी दिसतात. हिकरी हवेतल्या दमटपणाने ओकपेक्षा जास्त हलते. न्यू जर्सीत उन्हाळा घामट, हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी ठक्क. पट्ट्यांत फटी पडतात.

तांबडीमाती
आमच्याकडे नाही पडल्या.

सह्यकडा
हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर लावलाय ना तुम्ही?

तांबडीमाती
लावलाय, पण तो मुलांच्या सर्दीसाठी.

इंद्रायणीकाठ
फ्लोअर कुठलंही घ्या, भारतातून आई किंवा सासूबाई येणार असतील तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की बादलीभर पाणी घेऊन पोछा मारायचा नाही. कोरडा मायक्रोफायबर मॉप, फार तर घट्ट पिळलेला. आणि देवघराखाली जाड पाट किंवा ट्रे ठेवा. समईतून ओघळलेलं तेल पट्ट्यांच्या फटीत गेलं की काळा डाग कायमचा.

मोरपीस
म्हणूनच म्हणत होते, व्हिनाइल.

रानवारा
जुईलीताई, एक गोष्ट आजच करा. बेडरूममध्ये जमिनीत हीटिंगची लोखंडी जाळी असेल ती उचला आणि कापलेल्या कडेकडे टॉर्च मारून बघा. कार्पेट, पॅड आणि त्याखाली काय ते थेट दिसतं. त्या काळच्या बऱ्याच घरांत सव्वादोन इंची रेड ओक घातलेला असायचा आणि पुढच्या मालकांनी त्यावर कार्पेट चढवलं. तसं निघालं तर वर नवीन काही घेऊच नका, सँडिंग आणि पॉलिश करा.

दुसरं, खाली स्लॅबवर नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल्स दिसल्या तर खरवडू नका आणि कॉन्ट्रॅक्टरलाही खरवडू देऊ नका. त्यात आणि खालच्या काळ्या डिंकात फुफ्फुसांना घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी लॅबमध्ये तपासून घ्या.

ओसरी
अमेरिकेत साग मिळतच नाही का? बर्माचा?

जुईली
रानवारा, जाळी उचलली. पॅडखाली अरुंद पट्ट्या आहेत, पिवळसर, वर धूळ. कोपऱ्यातलं कार्पेट थोडं सोडवलं तर तिथेही तेच! भिंतीकडेने खिळ्यांची पट्टी ठोकलेली आहे. कॉन्ट्रॅक्टरने हे बघितलंच नव्हतं. शुक्रवारची तारीख सोडून देते. खाली मात्र काँक्रीट, टाइल्स नाहीत. आता वर रेड ओक आणि खाली व्हाइट ओक वेगळं दिसेल का?

सह्यकडा
दिसेल, रेड ओकमध्ये गुलाबी झाक असते. खाली इंजिनिअर्ड रेड ओकच मागा, तेही मिळतं.

रानवारा
खिळ्यांची भोकं पुट्टीने भरतात, काळजी नको. सँडिंगवाल्याला बोलवायच्या आधी जाळीजवळच्या त्याच कापलेल्या कडेला मोजपट्टी धरून मोजा, लाकडी पट्टीच्या टंगच्या (शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या जिभेच्या) वर किती लाकूड शिल्लक आहे. पाव इंच असेल तर निर्धास्त. अष्टमांश इंचाच्या आत असेल तर आधी कोणीतरी बरंच घासलेलं आहे. मग मोठं मशीन फिरवू नका, नुसतं बफिंग करून वर वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेन पॉलिशचे हात द्या.