मदत हवी आहे: पोरीचं २१ दिवसाचं पेनिसिलीनचं इंजेक्शन
नमस्कार, आम्ही जिंतूरकडचे. पुतणी ११ वर्षाची, आधी घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, आता हार्टच्या वाल्वला त्रास म्हणून दर २१ दिवसाला बेंझाथीन पेनिसिलीन १२ लाख युनिटचं कमरेत चालू आहे. औषध दुधासारखं पांढरं अन् घट्ट, सुई मधीच जाम होती, लेकरू दोन दिवस लंगडतं. मागच्या टायमाला गावातले डॉक्टर रिअ‍ॅक्शनच्या भीतीनं नको म्हणले, आणि त्यांचं बी खरंय, अ‍ॅड्रेनॅलिन (रिअ‍ॅक्शन आली तर द्यायचं औषध) हाताशी लागतं, नंतर अर्धा तास बसवून ठेवावं लागतं, शिरेत तर चुकूनबी जायला नाही पाहिजे. जिंतूर, परभणीत नीट देणारं कोणी माहितीय का? सोमवारी तारीख आहे, चुकवायची नाही. दुखणं कमी व्हायला तुम्ही काय करता तेबी सांगा, लई रडती हो ती.