दाताचे डॉक्टर कमी आहेत, की फक्त आपल्या तालुक्यात कमी आहेत?

बालाघाटकर
गेल्या महिन्यात आईची दाढ ठणकायला लागली. आधी मिसरी दाबून धरली, मग लवंग, मग मेडिकलवरच्या गोळ्या. आठव्या दिवशी गाल असा सुजला की डावा डोळा अर्धा झाकला. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. दाताची खुर्ची आहे तिथं, पण तिच्यावर चादर टाकलेली आणि चादरीवर रजिस्टरांचे गठ्ठे. "जागा रिकामी आहे, जिल्ह्याला न्या." जिल्हा ६५ किलोमीटर. स्टँडवर आई पदर गालाला लावून बसली, तोंडातून शब्द नाही. शेवटी गाडी केली, १८०० रुपये. दाढ काढायला लागले ५००.

देशात ३००च्या वर दंत महाविद्यालयं आहेत. आपल्याकडं संभाजीनगरला सरकारी आहे, लातूर-नांदेडला खासगी आहेत. दरवर्षी एवढी मुलं बीडीएस होतात, ती जातात कुठं? माझं स्पष्ट मत आहे: २ वर्षं खेड्यात काम केल्याशिवाय कुणाला पदवी देऊ नका.

लातूरची दंतवैद्य
दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण सक्ती करून आम्हाला पाठवणार कुठं? प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचं पदच नसतं. पद सुरू होतं ग्रामीण रुग्णालयापासून. मी पाहिलेल्या जाहिराती एक-दोन जागांच्या, त्याही ११ महिन्यांच्या कंत्राटावर. ४ वर्षं शिक्षण, १ वर्ष इंटर्नशिप, वर खासगीची फी. माझ्या बॅचची एक मैत्रीण पुण्यात विमा कंपनीचे क्लेम तपासते, एक केस लावायच्या क्लिनिकमध्ये आहे, एकजण एमपीएससी करतोय. यातलं कुणी हौसेनं दात सोडून गेलेलं नाही.

आणि नुसत्या खुर्चीनं काही होत नाही. कॉम्प्रेसर, पाणी, वीज, दात कोरायचं एअरोटर, हत्यारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह, छोटा एक्स-रे, यातलं एक बंद पडलं की डॉक्टर असूनही हातात फक्त चिमटा उरतो. वाचवता येणारी दाढ मग उपटावी लागते. मी हे केलंय, आणि ती १९ वर्षांची पोरगी मला अजून आठवते.

सोयाबीनपट्टा
मी तालुक्याच्या गावात दवाखाना चालवतो, १० वर्षं झाली. आलो तेव्हा आम्ही दोघं होतो, आता पाट्या मोजाव्या लागतात. म्हणजे डॉक्टर येतायत, सक्तीशिवाय. सरकारनं मध्ये पडू नये असं माझं मत. ३००० चा रूट कॅनल सांगितला की माणूस म्हणतो, "काढूनच टाका." सोयाबीनचे पैसे आले की देतो म्हणणाऱ्यांची माझी वही भरलेली आहे. शेजारी फुकट ओपीडी सुरू झाली तर माझ्यासारख्यानं भाडं कशातून भरायचं?

बालाघाटकर
सर, तुमच्या वहीत ज्यांची नावं आहेत ते निदान तुमच्या दारापर्यंत आले. माझ्या वस्तीवरची माणसं तिथवर येतच नाहीत. तुमचा पेशंट आणि सरकारी ओपीडीचा पेशंट वेगळा आहे.

किनवटकर
सगळे डॉक्टरवरच बोलताय. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा, त्याच्या वरचं पाणी लेकरं जन्मल्यापासून पितात. पुढचे दात खडूसारखे पांढरे, मग तपकिरी पट्टे. लग्न जमवताना पोरी तोंडावर हात धरतात. याला कुठला डॉक्टर काय करणार? आधी पाणी द्या. आणि गुटख्यावर राज्यात २०१२ ला बंदी आली, तरी टपरीवर पुडी मिळतेच. विशी-पंचविशीतल्या पोरांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत.

लातूरची दंतवैद्य
पाण्याचं शंभर टक्के खरं. पण "आधी पाणी, मग डॉक्टर" हे मला पटत नाही. तोंड उघडेनासं झालंय हे पहिल्यांदा कोण बघणार? तोंडात तीन बोटं जायची ती दोन झाली तेव्हा कुणी पाहिलं आणि गुटखा सुटला, तर पुढचं पुष्कळ टळतं. आमच्याकडं माणूस येतो तो घास जाईनासा झाल्यावर.

शाळामास्तर, बीड
मी ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, मुलांचे दात बघतं, कार्डावर "दात किडलेले, पुढे पाठवा" लिहितं. तोवर दिवाळी होते आणि घर कारखान्यावर जातं. मुकादमाची उचल घेतलेली, एक खाडा झाला तरी पैसे कापतात. दाढेसाठी कोण खाडा करणार?

म्हणून सकाळची ओपीडी आमच्या कामाची नाही. बाजाराच्या दिवशी दुपारी उघडी ठेवा, माणसं येतील. आत्ता बाजारात कोण बसतो ते सांगतो. फडक्यावर कवळ्या आणि सुटे दात मांडलेले, शेजारी बाटलीत पावडर नि लिक्विड. मोकळ्या जागेत दात बसवून मसाल्यानं शेजारच्या दातांना चिकटवून टाकतो, १० मिनिटांत. एका आजोबांच्या हिरडीतून त्याखाली पू यायचा. चांगले होते ते दोन दातही गेले. पण तो माणूस दर सोमवारी तिथं असतो आणि परवडतो, हे मान्य करावं लागेल.

सोयाबीनपट्टा
बाजाराच्या दिवसाचं पटलं. सरकारनं ते काम आमच्याकडून करून घ्यावं. आठवड्यातून एक दुपार रुग्णालयात बसायला मी तयार आहे, मानधन वेळेवर द्या. नवी पदं काढून ती वर्षानुवर्षं रिकामी ठेवण्यापेक्षा ते बरं.

लातूरची दंतवैद्य
एका दुपारीत दाढ निघेल, रूट कॅनलला दोन-तीन खेपा लागतात. मग परत उपटणंच आलं. पूर्ण वेळ पदच हवं, माझा यावर हट्ट आहे.

बालाघाटकर
सक्तीचं मी मागं घेतो. जिथं पदच नाही तिथं सक्ती करून काय होणार, हे ताईंनी दाखवलं. पण एक दुपार माझ्या आईला पुरली नसती, म्हणून मीही पूर्ण वेळ पदाच्या बाजूनं.

१० रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज लिहिलाय: जिल्ह्यात दंतवैद्याची मंजूर पदं किती, भरलेली किती, आमची जागा कधीपासून रिकामी. सोमवारी देतो, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. बाकीच्यांनीही आपापल्या जिल्ह्यात द्या, आकडे इथं एकत्र करू.

लातूरची दंतवैद्य
अजून एक ओळ वाढवा, दादा: कॉम्प्रेसर चालू आहे का, आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली.