मदत हवी आहे: आईच्या अमेरिका व्हिसाचा फोटो (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. दिवाळीच्या सुमारास तिचं बाळंतपण आहे, म्हणून आई-अण्णांना पाठवायचं ठरलंय. पासपोर्ट हातात आहेत, व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, म्हणजे डीएस-१६० फॉर्म, मीच भरतेय. अण्णांचा फोटो झाला. आईच्या फोटोवर सगळं अडलंय.

नियम वाचून काढलेत. चौरस फोटो, छापील असेल तर २ बाय २ इंच, मागे पांढरं, गेल्या ६ महिन्यांतला. अपलोड करायचा असेल तर ६०० बाय ६०० पिक्सेलपेक्षा लहान नको, १२०० बाय १२०० पेक्षा मोठा नको, जेपीईजी, २४० केबीच्या आत. हनुवटीपासून टाळूपर्यंतचा भाग फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के. एवढं समजतं. आईच्या बाबतीत काय करायचं ते समजत नाही.

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. काळा चष्मा आहे, आणि तो काढला की उजेडात डोळ्यांना पाणी येतं. डावी पापणी तशीही थोडी खाली असते, फार पूर्वीपासून.

दुसरं पदराचं. आईचं माहेर मंगळवेढ्याकडचं. डोक्यावरचा पदर घरातसुद्धा ढळत नाही. फोटोसाठी पदर काढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पदर चालतो का? कुंकू चालतं का?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचतेय. नवी पेठेतल्या एका स्टुडिओत ऑपरेशनच्या आधीच तिचा फोटो काढला होता. त्यांनी फार आपुलकीनं काढला, आईला बसायला खुर्ची, पाणी, सगळं. पण फोटो हातात आला तो गोरा करून. हनुवटीवरचा तीळ गायब, गालावरच्या सुरकुत्या गायब, डावी पापणी उजवीसारखी करून बसवलेली. आई खूश. माझ्या मात्र पोटात गोळा आला. मुंबईला खिडकीपलीकडचा अधिकारी हा फोटो बघणार आणि समोर उभी असणार माझी खरी आई. तिला इंग्रजी येत नाही, आधीच धास्तावलीय. त्यात फोटोवरून दोन प्रश्न जास्तीचे विचारले तर ती गडबडून जाईल.

घरीच मोबाईलवर काढावा का? कोणी म्हाताऱ्या माणसांचे फोटो असे काढलेत का? सविस्तर सांगा, घाई नाही.

प्रतिसाद १

ताई, चष्म्याचं आधी. १ नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकेच्या व्हिसा फोटोत चष्मा चालत नाही, साध्या नंबराचासुद्धा नाही. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि डोळ्याच्या रक्षणासाठी चष्मा काढताच येत नाही, अशा क्वचित प्रसंगी सवलत आहे, पण डॉक्टरांचं सहीचं पत्र जोडावं लागतं. त्यातही डोळे स्पष्ट दिसायला हवेत, म्हणजे काळी काच उपयोगाची नाही. घाई नाही म्हणताय तर डॉक्टर चष्मा काढायला परवानगी देतील तोवर थांबा. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही तेच केलं. पापणी आहे तशीच येऊ द्या. डोळा उघडा दिसला पाहिजे, दोन्ही सारखे दिसले पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही.

प्रतिसाद २

मी सोलापुरातच फोटोग्राफीचं काम करतो. आमच्या धंद्याची बाजू सांगतो. गिऱ्हाईक फोटो बघून ‘काळा आला’ म्हणतं, म्हणून हात आपोआप टचअपकडे जातो. लग्नाच्या अल्बमला ते ठीक. व्हिसाला चेहऱ्यात फेरफार चालत नाही. फोटो काढायच्या आधीच सांगा: उजळ करायचा नाही, डाग-तीळ पुसायचे नाहीत, मागचं कापून पांढरं लावायचं नाही. कापलेल्या फोटोत केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि लगेच ओळखू येतात. ‘संगणकात तुमचा जुना आहे, त्याचीच प्रिंट देतो’ म्हणाले तर तारीख विचारा.

घरी काढायचा असेल तर सकाळी, ऊन थेट येत नाही अशा खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसवा. डोळ्यांना पाणी येतं म्हणताय, तर फ्लॅश नकोच. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे, म्हणजे मागे सावली पडत नाही. मांडीवर पांढरा पंचा अंथरा, त्यानं हनुवटीखालचा अंधार उजळतो. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, पाच फूट लांब, मागचा कॅमेरा. जवळून काढला की नाक मोठं येतं. ब्युटी आणि पोर्ट्रेट दोन्ही मोड बंद, बऱ्याच मोबाईलमध्ये ब्युटी आधीपासून चालू असतो. कपाळावरचं तेल टिपून घ्या. पांढरी किंवा मोतिया साडी नको, पाठीमागच्यात मिसळते. गर्द रंगाची सुती उत्तम.

प्रतिसाद ३

पदराबद्दल मी लिहिते. केस आणि केसांची कड झाकणारं काही डोक्यावर नको, असा नियम आहे. धर्माचा भाग म्हणून रोज घेतलं जात असेल तर चालतं, पण तेव्हाही पूर्ण चेहरा दिसायला हवा आणि कापडाची सावली चेहऱ्यावर नको. आपल्याकडचा पदर रीत म्हणून घेतला जातो की धर्म म्हणून, यावर खिडकीशी समजावत बसण्यापेक्षा फोटोपुरता खांद्यावर घेतलेला सोपा. पण हे घरीच करा, खोलीत फक्त तुम्ही दोघी असताना. अण्णांनाही बाहेर बसवा. माझ्या आजीनं तसा काढू दिला, स्टुडिओत परक्या माणसासमोर ती तयारच नव्हती. कुंकू राहू द्या, मंगळसूत्रही. त्यांनी चेहरा झाकला जात नाही, म्हणून चालतात.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. खोलीत दोघीच असू, हे आईला सांगितल्यावर ती लगेच ‘बरं’ म्हणाली. मला हे सुचलंच नसतं. भिंत आमची पोपटी आहे आणि घरात चादरी सगळ्या सोलापुरी, नक्षीच्या. अण्णांचं पांढरं धोतर दुहेरी करून, काठ बाहेर ठेवून लावलं तर?

शेजारच्या ताईंचाही एक प्रश्न आहे. त्यांच्या आठ महिन्यांच्या नातवाचा आपला भारतीय पासपोर्ट काढायचाय. त्याला फोटो न्यावा लागतो का?

प्रतिसाद २

धोतर चालेल, इस्त्री करून ताणून बांधा. चुण्यांची सावली येते. एकेरी लावलं तर मागचा पोपटी रंग डोकावेल, दुहेरीच बरोबर.

बाळाचा फोटो न्यावा लागतो. मोठ्यांचा फोटो केंद्रावरच काढतात, ४ वर्षांच्या आतल्या मुलांचा आपण न्यायचा, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, मागे पांढरं. पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवा आणि वरून काढा. धरणाऱ्याचा हात फोटोत नको, आपली सावली अंगावर नको. दूध पिऊन झोपायच्या आधीची वेळ साधा.

प्रतिसाद १

अजून एक राहिलं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबल लावून संगणकात घ्या. अपलोड नाहीच झाला तर डीएस-१६० भरून झाल्यावर मिळणाऱ्या कन्फर्मेशन पानावर फोटोच्या चौकटीत फुली येते. घाबरू नका, त्या पानासोबत २ बाय २ चा छापील फोटो न्यायचा असतो. तसाही एक जवळ ठेवाच.