गोठलेल्या जमिनीत कोयोटीसाठी सापळा कोणता घ्यावा?

प्रेषक: वहिनी, सेंट क्लाउड
मिनेसोटातल्या आपल्या मंडळाच्या सर्वांना नमस्कार.

आमच्या शेळ्यांमधली एक पाट आणि चार कोंबड्या पंधरा दिवसांत गेल्या. बर्फातली पावलं कोयोटीचीच आहेत, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या रानटी जनावराची. कुंपणाला वीज सोडलेली आहे, पण बर्फ चढला की खालच्या तारा त्यात बुडतात आणि झटका लागेनासा होतो. शेजाऱ्यांनी त्यांचा जुना सापळा दिला. तो आम्ही माती उकरून लावला. सकाळी पाहतो तर पाऊल बरोबर मधल्या चकतीवर पडलेलं आणि सापळा तसाच उघडा. आता नवा घ्यायचा आहे. दुकानात दीड नंबरचा लहान सापळा स्वस्त आहे, एमबी-550 नावाचा मोठा जवळपास दुप्पट महाग. अण्णा, तुम्ही विलमारकडे बरीच वर्षं हे करता आहात, म्हणून मुद्दाम तुम्हाला विचारते. मी मेळघाटाकडची. शिकाऱ्यांकडून जप्त केलेले दातेरी लोखंडी खटके लहानपणी पाहिले आहेत, त्यामुळे ही वस्तू हातात घेतानाच जीव घाबरतो.

प्रेषक: अण्णा, विलमार
वहिनी, पाट गेल्याचं वाचून वाईट वाटलं.

सापळा मिटला नाही, त्यात त्याचा दोष अर्धाच. दुपारच्या उन्हात माती ओलावते आणि रात्री गोठते. चकतीखाली गेलेल्या ओलीचा बर्फ झाला की चकती दगडावर ठेवल्यासारखी घट्ट बसते. त्यामुळे सापळ्याइतकाच मातीचाही विचार करावा लागतो.

आधी सापळा. दीड नंबर कोल्ह्यासाठी आणि रकूनसारख्या लहान जनावरासाठी ठीक. कोयोटी साधारण 25 ते 35 पौंडांची असते, आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा थोराड. लहान जबड्यात तिची नुसती बोटं सापडतात. मग ती पीळ मारून सुटते आणि लंगडी होऊन पुन्हा तुमच्याच गोठ्यावर येते. 550 चा जबडा उघडल्यावर साधारण साडेपाच इंचांचा होतो आणि पाऊल गादीच्या वर, आडवं धरतो. 650 त्याहून मोठा. उत्तरेत माती-बर्फाच्या जाड थराखाली लावायला तो बरा, पण तुमच्याकडे त्याची गरज नाही. 550 पेनॉकला, म्हणजे आमच्या शेजारच्याच गावात मिळतो, म्हणून पक्षपात करतोय असं समजू नका.

चार स्प्रिंगांचा घ्या. थंडीत जबड्यांना गोठलेला पापुद्रा फोडून वर यावं लागतं, तिथे दोन स्प्रिंगा रेंगाळतात. पण जोर वाढला की पायावरचा दाबही वाढतो, म्हणून जबड्याची कड पाहणं महत्त्वाचं. कड रुंद हवी. पातळ असेल तर दुकानदाराला पट्टी जोडून जाड केलेला मागा. मिटल्यावर दोन जबड्यांत थोडी फट राहणारेही मिळतात. दाते कुठेच नसतात. तुम्ही पाहिलेला खटका वेगळी वस्तू होती. वाघाला अपंग करायला केलेली. इथे जनावर धरून ठेवायचं असतं, हाड मोडायचं नसतं. आणि थंडीत रुंद कडेचं महत्त्व दुप्पट, कारण रक्त दाबलं गेलं की पाऊल गोठतं. उन्हाळ्यात सूज येऊन निभावतं, जानेवारीत तेच पाऊल सडतं.

साखळी सापळ्याच्या तळपत्र्याच्या मधोमध जोडलेली हवी, कडेला नको. निदान दोन भोवरकड्या आणि मध्ये धक्का झेलणारी स्प्रिंग हवी. दाव्याला पीळ पडू नये म्हणून आपण गुरांना भोवरकडी लावतो, तोच हिशेब. जनावर गोल फिरलं तरी पाय पिळवटत नाही. साखळी हातभरच ठेवा. लांब असली की धाव घेऊन हिसका मारायला जागा मिळते. लोखंडी सळईचा खुंटा आता गोठलेल्या जमिनीत ठोकला तर वसंतापर्यंत निघणार नाही. जमिनीत फिरून अडकणारा तारेचा नांगर मिळतो, तो बसवून मोकळं व्हा. खुंट्याऐवजी साखळीला लावतात तो, जनावरामागे ओढत जाणारा आकडा लहान जागेवर वापरू नका, जनावर शेजाऱ्याच्या रानात जाऊन अडकतं आणि सापडेपर्यंत उशीर होतो.

चकतीचा दाब घरीच तपासा. दोन पौंडांची तांदळाची पिशवी ठेवली तर ती हलू नये, चार पौंडांची ठेवली की सुटावी. मांजर, ससा त्यावरून चालत जातात.

आता माती. पाऊस पडण्याआधी चाळून वाळवलेली माती, त्यात वितळवलेलं पॅराफिन मेण नीट मिसळलेलं. प्रत्येक कणाला मेणाचा लेप बसला की पाणी आत शिरत नाही आणि गोठत नाही. मेण उघड्या ज्योतीवर तापवू नका, ते पेटतं. एवढी खटपट नको असेल तर कोरडं पीट मॉस, म्हणजे बागेत वापरतात ते वाळलेलं शेवाळ, घ्या. चकतीखाली मऊ कापूस किंवा स्पंजाचा तुकडा ठेवा, म्हणजे माती आत जाऊन तिला अडवत नाही. मीठ टाकायचं मनात आणू नका. 15 फॅरेनहाइटच्या खाली त्याचा फारसा उपयोग नाही आणि लोखंड गंजतं. गाडीचं अँटिफ्रीझ तर अजिबात नको, त्यातला इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि कुत्र्याला मारणारा.

जागा वाऱ्याच्या झोताखालची किंवा स्प्रूस झाडाच्या छत्रीखालची निवडा, म्हणजे बर्फ कमी साचतो. मांस उघडं ठेवू नका, गरुड उतरतात. 20 फुटांच्या आत उघडं मांस असलेला सापळा नियमानेही चालत नाही. सापळ्याला तुमच्या नावाची पट्टी हवी. रोज एकदा पाहणं बंधनकारक आहे, पण मी सांगेन की उजाडताच जा. ज्या रात्री शून्याच्या खाली दहा-पंधरा फॅरेनहाइट जाणार असं हवामान सांगेल, त्या संध्याकाळी सापळा बंद करून टाका. जनावर रात्री दोनला अडकलं तर सहा वाजता त्याचं पाऊल वाचलेलं नसतं. जायला जमणार नसेल तर लावूच नका, हे माझं ठाम मत.

प्रेषक: माई, मिनियापोलिस
अण्णा, वहिनी, नमस्कार.

मला हे वाचून बरं वाटलं नाही. जनावराची चूक काय, ते पोटासाठी येतं. आणि आसपासच्या घरांतल्या कुत्र्यांचं काय? रखवालीचा मोठा कुत्रा पाळून प्रश्न सुटत नाही का?

प्रेषक: अण्णा, विलमार
माई, तुमचं म्हणणं मला पटतं. सापळा हा पहिला उपाय नव्हेच. ग्रेट पिरिनीजसारखा रखवालदार कुत्रा आणि रात्री शेळ्या पक्क्या छपराखाली, हे दोन्ही आधी. पण पिल्लू आज आणलं तरी कामाला यायला दोन वर्षं जातात. तेवढ्यात कळप राहायला हवा. कोयोटी इथे संरक्षित प्राणी नाही, पण लांडगा आहे. उत्तरेकडच्या कुणी लावत असाल तर पावलाचा आकार आधी ओळखायला शिका, आणि लांडगा अडकला तर स्वतः हात न लावता वन्यजीव संरक्षण अधिकाऱ्याला बोलवा.

कुत्रा अडकला तर घाबरून ओढू नका. जाड कांबळं त्याच्या डोक्यावर टाका, मग सापळ्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांवर एकेक पाय ठेवून पूर्ण भार टाका. जबडे खाली पडतात. रबराची कड लावलेले सापळेही मिळतात. वहिनींच्या शेजारी कुत्री मोकळी फिरत असतील, तर मी तेच सुचवेन.

प्रेषक: वहिनी, सेंट क्लाउड
अण्णा, माई, दोघांचे आभार.

शेजारच्या लॅब्राडॉरचा विचार करून रबरी कडेचे दोन सापळे मागवले. नांगरही. माई, पिरिनीजचं पिल्लू मार्चमध्ये घेणार आहोत, एका शेतावर नाव नोंदवलं. तोवर शेळ्या रात्री आतच.

अण्णा, शनिवारी सकाळी येते. सापळा पायांनी उघडायचं मला करून दाखवा. बर्फात घालतो ते जाड बूट घालून येईन, तेच पायात असताना सराव झालेला बरा. आणि मुलांनाही आणते, त्यांनाही हे जमायला हवं.