मदत हवी आहे : डायनो डेचे नियम कसे ठेवावेत? (नागपूर)

मंडळी, आमच्या टोळक्यात डायनो डे करायचं ठरून राहिलं आहे, म्हणजे गाड्या डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) रोलरवर चढवून कोणाची किती ते पाहायचं. गाड्या तीन: लिनिया टी-जेट, जुनी सिटी आयव्हीटेक आणि पोलो जीटी टीएसआय. चौथी माझी स्विफ्ट डिझेल. ७५ पीएसवाल्याला (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच पॉवरचं माप) कोणी खिजगणतीत धरत नाही, म्हणून पंचाची माळ माझ्या गळ्यात पडली. हरणाऱ्याने सगळ्यांना सावजी खाऊ घालायचं, एवढं एकच कलम आतापर्यंत एकमताने पास झालं आहे.

कोण जिंकेल यापेक्षा जिंकणं कशाला म्हणायचं, यावरच जास्त भांडण आहे. कंपनीचे आकडे असे (एनएम हे टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचं माप): सिटी ११८ पीएस, १४६ एनएम, लिनिया ११४ पीएस, २०७ एनएम, पोलो १०५ पीएस, १७५ एनएम. आता गंमत पाहा. सिटीवाला म्हणतो, ज्याची पॉवर जास्त तो जिंकला. लिनियावाला म्हणतो टॉर्क पाहा, वर्धा रोडवर ओव्हरटेक करताना तोच कामी येतो. पोलोवाल्याचं म्हणणं, कंपनीने सांगितलेल्यातलं चाकापर्यंत किती टक्के पोचतं ते मोजा.

मला टक्केवारीचं पटतं. कंपनी क्रँकवरची, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरची ताकद सांगते, डायनो चाकावरची मोजतो. मधे गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, टायर आपापला वाटा खातात. पण रिमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) गाडी यात सरळ बाजी मारून जाईल. लिनियावाल्यावर मला दाट संशय आहे. विचारलं की नुसता हसतो.

दुसरा वाद करेक्शनचा, म्हणजे हवामानाप्रमाणे डायनोचा आकडा सुधारून घेण्याचा. सुट्ट्यांमुळे सगळे मे महिना म्हणून राहिले. मेमधलं नागपूर तुम्हाला सांगायला नको. २५ अंशांच्या मानाने ४२ अंशांवर हवेची घनता पाचेक टक्क्यांनी घटते, शिवाय आपण समुद्रसपाटीपासून ३०० मीटरवर. एसएई (वाहन इंजिनिअरांची संस्था) या संस्थेच्या सूत्राचं करेक्शन हा तोटा कागदावर भरून देतं. पण लिनिया-पोलोसारख्या टर्बो गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा, सांभाळून त्यातला बराचसा आधीच भरून काढतो. म्हणून सिटीवाला ओरडतो की यांना फुकटचे घोडे मिळतील. टर्बोवाले म्हणतात, उन्हात आमचा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) तापतो, त्याचं काय?

तर करेक्शन सगळ्यांना लावावं, कोणालाच नाही, की फक्त सिटीला? पोलोचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) पूर्ण पेडल दाबलं की गिअर खाली टाकतो, त्याला एका गिअरमध्ये कसं धरून ठेवायचं? टायरमध्ये हवा किती? आणि विदर्भात डायनो कुठे मिळेल का? पुणं सातशे किलोमीटर, सावजीचं बजेट पेट्रोलमध्येच जाईल.

प्रतिसाद : भाऊ, आधी मे सोडा. डिसेंबरात करा, करेक्शनच कमी लागेल आणि अर्धं भांडण तिथेच मिटेल. शीटवर करेक्शनसहित आणि करेक्शनविना, दोन्ही आकडे छापून घ्या. एकच डायनो, एकच दिवस. दुसरीकडची जुनी शीट कोणी खिशातून काढली तर बाद करा; नुसत्या जड रोलरचा डायनो आणि ब्रेक लावून लोड देणारा डायनो यांचे आकडे जुळत नाहीत. प्रत्येकी तीन रन, मधे सारखाच वेळ बोनेट उघडून पंख्यासमोर, आणि तिन्हींतला मधला आकडा धरा. डीएसजी मॅन्युअल मोडमध्ये ठेवा. पेडलच्या तळाशी किकडाउनचा टप्पा लागतो, त्याच्या जरासं आधी पाय थांबवा. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर पुढची चाकं रोलरवर फिरताना मागची थांबलेली पाहून तो पॉवर कापतो. हवा कंपनी सांगते तेवढीच, मोजणार पंच. आणि टी-जेटने चाकावर २०७ एनएम दाखवले, तर सावजीचं बिल न विचारता त्याच्यापुढे ठेवा.

धागाकर्ता : डिसेंबर पक्का. शेवटचं वाक्य लिनियावाल्याला वाचून दाखवलं, तर म्हणतो गाडी तेव्हा सर्व्हिसिंगला असेल. डायनोचा पत्ता कोणाकडे असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.